जॅझ ध्वनिमुद्रिकांचा संग्रह

जॅझ ध्वनिमुद्रिकांचा संग्रह म्हणजे जॅझ संगीताच्या लाखेच्या तबकड्या, एलपी, सीडी आणि बहुतबकडी संच हेतुपूर्वक मिळवणे, त्यांची नोंद ठेवणे व त्यांचे जतन करणे होय. जॅझ हा संगीतप्रकार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या न्यू ऑर्लिन्स शहरातील कृष्णवर्णीय समाजात आकाराला आला. त्याचा प्राण उत्स्फूर्त वादनात आहे. एकच धून एकाच वादकाने दोन दिवस वाजवली तरी ती दोन्ही वेळा वेगळी होते आणि लिखित स्वरलिपीत तिचा सांगाडाच तेवढा उतरतो. त्यामुळे या संगीताचा इतिहास मुख्यतः ध्वनिमुद्रिकांतच टिकून राहिला आहे. साहित्याच्या अभ्यासात हस्तलिखितांना व पहिल्या आवृत्त्यांना जे स्थान असते, तेच जॅझच्या अभ्यासात ध्वनिमुद्रिकांना आहे.

हा छंद खर्चिक समजला जातो. मूळ आवृत्तीच्या काही तबकड्या लिलावात अतिशय मोठ्या किमतीला विकल्या जातात, ही गोष्ट खरी आहे. तथापि त्या तबकड्यांवरील संगीत बहुतेक वेळा पुनर्प्रकाशनांच्या रूपाने अल्प किमतीत उपलब्ध असते. दुर्मीळ वस्तू आणि दुर्मीळ संगीत यांतील हा भेद ध्यानात घेतल्यास सामान्य उत्पन्नाच्या रसिकालाही अभ्यासपूर्ण संग्रह उभा करता येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड या गौरवर्णीय वादकांच्या चमूने २६ फेब्रुवारी १९१७ रोजी न्यूयॉर्क येथे व्हिक्टर कंपनीसाठी केलेले ध्वनिमुद्रण ही जॅझची पहिली प्रकाशित ध्वनिमुद्रिका मानली जाते. ज्यांच्या समाजात हे संगीत जन्मले, त्या कृष्णवर्णीय वादकांना ध्वनिमुद्रणाची संधी पुढील काही वर्षांत हळूहळू मिळाली. किंग ऑलिव्हर यांच्या क्रिओल जॅझ बँडने १९२३ मध्ये जेनेट कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्या हॉट फाइव्ह व हॉट सेव्हन या चमूंनी १९२५ ते १९२८ या काळात ओकेह कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे हा जॅझच्या संग्रहाचा पाया समजला जातो.

त्या काळच्या तबकड्या लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणातून बनत व मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे संगीत मावे. या मर्यादेमुळे वादकांना आपले म्हणणे थोडक्यात मांडावे लागले आणि जॅझच्या रचनाबंधावर तिचा कायमचा ठसा उमटला. अशा अनेक तबकड्या पुस्तकासारख्या बांधलेल्या जाड वहीत ठेवून विकल्या जात. संगीतसंचाला ‘अल्बम’ म्हणण्याची प्रथा या वहीवरूनच रूढ झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या व्यवसायावर दोन आघात झाले. लाखेचा पुरवठा प्रामुख्याने भारतातून होत असे. युद्धामुळे तो आटला आणि १९४२ मध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर निर्बंध आले. त्याच वर्षी १ ऑगस्टपासून अमेरिकी वादकांच्या संघटनेने मोबदल्याच्या प्रश्नावर ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला. तो पूर्णपणे मिटण्यास नोव्हेंबर १९४४ उजाडला. नेमक्या याच काळात चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी प्रभृती तरुण वादक ‘बीबॉप’ ही नवी शैली घडवत होते. हे दोघेही १९४३ मध्ये अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात होते. परंतु त्या वाद्यवृंदाचे त्या काळातील ध्वनिमुद्रण प्रकाशित झाले नाही. संगीताच्या इतिहासातील एक निर्णायक पर्व अशा रीतीने जवळजवळ नोंदीविना राहिले.

कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेरे घेणारी, सूक्ष्म खाचांची व्हिनाइल एलपी बाजारात आणली, तर आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ फेऱ्यांची लहान तबकडी आणली. एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागल्याने जॅझ वादकांना विस्ताराने वाजवण्याची मोकळीक मिळाली. स्टिरिओ तबकड्यांचा प्रसार १९५८ पासून झाला आणि १९८२ मध्ये सीडीचे आगमन झाले. सीडीमुळे जुन्या ध्वनिमुद्रणांचे मोठ्या प्रमाणावर पुनर्प्रकाशन सुरू झाले आणि कमी खर्चातील संग्रहाला खरी चालना मिळाली.

संग्रहपरंपरेचा उगम

जुन्या जॅझ तबकड्यांचा शोध घेणारे पहिले संग्राहक १९३०च्या दशकात युरोप व अमेरिकेत दिसू लागले. तबकडीवर बहुधा केवळ वाद्यवृंदप्रमुखाचे नाव छापलेले असे. कोणते वाद्य कोणी वाजवले याची नोंद नसे. ही उणीव भरून काढण्यासाठी संग्राहकांनी वादकांना प्रत्यक्ष विचारून, कंपन्यांची दप्तरे धुंडाळून आणि तबकड्या पुन्हा पुन्हा ऐकून माहिती जमवली. त्यातून ‘डिस्कोग्राफी’ म्हणजे ध्वनिमुद्रिकासूची हे शास्त्र विकसित झाले. शार्ल दलोने यांनी १९३६ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध केलेली ‘हॉट डिस्कोग्राफी’ ही या क्षेत्रातील आरंभीची महत्त्वाची सूची होय. पुढे ब्रायन रस्ट यांनी १९४२ पर्यंतच्या जॅझ ध्वनिमुद्रिकांची विस्तृत सूची तयार केली.

न्यूयॉर्कमधील कमोडोर या दुकानाचे चालक मिल्ट गेबलर यांनी बाजारातून नाहीशा झालेल्या तबकड्यांच्या नव्या प्रती काढून विकल्या आणि १९३८ मध्ये कमोडोर याच नावाने स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था सुरू केली. मोठ्या कंपनीने नाकारलेले बिली हॉलिडे यांचे वंशद्वेषविरोधी गीत ‘स्ट्रेंज फ्रूट’ १९३९ मध्ये याच संस्थेने प्रकाशित केले. संग्राहकाची आवड आणि सांस्कृतिक जबाबदारी यांचा मेळ कसा बसतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुर्मीळतेची कारणे

एखादी ध्वनिमुद्रिका दुर्मीळ होण्याची कारणे पुढीलप्रमाणे सांगता येतात.

अल्प प्रती : लहान संस्था थोड्याच प्रती काढत. जेनेट कंपनीने काढलेल्या किंग ऑलिव्हर यांच्या ५२७५ क्रमांकाच्या तबकडीची केवळ एकच प्रत ज्ञात असल्याचे मानले जाते.

अतिवापर : १९२०च्या दशकात कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी काढलेल्या तबकड्या घरोघरी पोलादी सुईने झिजेपर्यंत वाजवल्या गेल्या. त्यामुळे चांगल्या स्थितीतील प्रती थोड्याच उरल्या.

नाश : लाखेची तबकडी हातातून पडताच फुटते. शिवाय महायुद्धकाळात भंगारासाठी जुन्या तबकड्या गोळा करण्यात आल्या.

विक्रीस बंदी : अमेरिकी सैनिकांसाठी १९४३ ते १९४९ या काळात ‘व्ही-डिस्क’ काढण्यात आल्या. वादक संघटनेने त्यांना मुभा दिली होती. मात्र त्यांची व्यापारी विक्री करावयाची नाही, अशी अट होती. योजना संपल्यावर त्यांचे मूळ साचे नष्ट करण्यात आले.

मूळ फितींची हानी : १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत ध्वनिमुद्रणांच्या मूळ फितीही जळाल्या. हानीच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत. परंतु मूळ फीत नष्ट झाल्यास छापील तबकडीच पुढील पिढ्यांचा आधार ठरते, हे या घटनेने अधोरेखित केले.

पहिल्या आवृत्तीची ओळख

संग्राहक पहिल्या आवृत्तीला विशेष मोल देतात. तिची ओळख तबकडीवरील लेबल, त्यावर छापलेला पत्ता, वेष्टनाची छपाई आणि शेवटच्या खाचेनंतरच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेल्या साचाक्रमांकावरून पटते. आल्फ्रेड लायन यांनी १९३९ मध्ये स्थापन केलेली ब्लू नोट ही संस्था याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या कार्यालयाचा पत्ता वेळोवेळी बदलला व लेबलावरील मजकूरही त्यानुसार बदलत गेला. ध्वनिमुद्रक रुडी व्हॅन गेल्डर यांची आद्याक्षरे गुळगुळीत पट्ट्यावर आढळतात. तबकड्या छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची वळणदार खूणही तेथेच दिसते. तिच्या आकारावरून संग्राहक तिला ‘कान’ म्हणतात. ही खूण १९६६ नंतरच्या प्रतींवर आढळत नाही. हँक मोब्ली यांची १५६८ क्रमांकाची १९५७ मधील एलपी या संस्थेच्या अत्यंत दुर्मीळ तबकड्यांत गणली जाते.

पहिली आवृत्ती ही नेहमीच सर्वोत्तम आवृत्ती असते असे मात्र नाही. माइल्स डेव्हिस यांच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या १९५९ मधील एलपीच्या आरंभीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे एकमेकींच्या जागी छापली गेली होती. याहून गंभीर बाब अशी की, पहिल्या बाजूचे ध्वनिमुद्रण करणारे यंत्र किंचित मंद गतीने चालत असल्याने तबकडीवर त्या बाजूचे स्वर थोडे चढे ऐकू येत. हा दोष १९९२ च्या पुनर्प्रकाशनात दुरुस्त झाला. म्हणजेच या ध्वनिमुद्रणाची मूळ स्वरपट्टी ऐकू इच्छिणाऱ्या अभ्यासकासाठी साधी सीडी ही मौल्यवान मूळ प्रतीहून अधिक विश्वसनीय ठरते.

बहुतबकडी संच

एखाद्या वादकाची, संस्थेची किंवा कालखंडाची ध्वनिमुद्रणे एकत्र करून पुस्तिकेसह पेटीत दिली जातात. अशा संचास ‘बॉक्स सेट’ म्हणतात. स्मिथसोनियन संस्थेने १९७३ मध्ये मार्टिन विल्यम्स यांच्या संपादनाखाली सहा एलपींचा निवडक जॅझचा संच काढला. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत तो पाठ्यसाहित्य म्हणून वापरला गेला.

मायकल कस्कूना आणि चार्ली लोरी यांनी स्थापन केलेल्या मोझेक रेकॉर्ड्स या संस्थेने १९८३ पासून संचांची नवी परंपरा निर्माण केली. तिचा पहिला संच थेलोनियस मंक यांच्या ब्लू नोटसाठीच्या संपूर्ण ध्वनिमुद्रणांचा होता. मूळ कंपनीकडून ठरावीक मुदतीचा परवाना घेणे, काही हजार क्रमांकित प्रती काढणे आणि त्या टपालाने थेट ग्राहकास विकणे, ही तिची पद्धत होय. प्रती संपल्यावर संच बहुधा पुन्हा निघत नाही, त्यामुळे त्याची किंमत वाढते. १९९० मध्ये या संस्थेने डीन बेनेडेटी यांनी १९४७-४८ मध्ये क्लबांत बसून टिपलेले चार्ली पार्कर यांचे वादन सात सीडींत प्रकाशित केले. बेनेडेटी हे स्वतः सॅक्सोफोनवादक व पार्करभक्त होते. त्यांनी बहुतेक ठिकाणी पार्कर यांचे एकलवादन तेवढे टिपले व इतरांचे वादन वगळले. एका चाहत्याच्या ध्यासामुळे हा ऐवज मागे राहिला.

संपूर्ण संचात एकाच धुनेची अनेक रूपे लागोपाठ येतात. अभ्यासकाला वादकाची विचारप्रक्रिया समजून घेण्यासाठी ती उपयुक्त असतात. नवख्या श्रोत्याला मात्र ती कंटाळवाणी वाटू शकतात. म्हणून प्रारंभी निवडक संच आणि गोडी लागल्यावर संपूर्ण संच, असा क्रम सोयीचा ठरतो.

अल्प खर्चातील संग्रह

स्वस्त संचांच्या उपलब्धतेमागे स्वामित्व हक्काचा कायदा आहे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचे संरक्षण पूर्वी ५० वर्षे होते. २०११ च्या निर्देशानुसार ते ७० वर्षे झाले. परंतु १९६२ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली व त्याआधीच मुक्त झालेली ध्वनिमुद्रणे मुक्तच राहिली. जॅझचा सर्वाधिक समृद्ध काळ याच मर्यादेत येत असल्याने युरोपातील लहान संस्था चार-चार सीडींचे संच अल्प किमतीत काढू शकल्या. अमेरिकेत २०१८ च्या कायद्यानुसार १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी, तर १९२३ मधील १ जानेवारी २०२४ रोजी मुक्त झाली. भारतात हे संरक्षण प्रकाशनानंतरच्या कॅलेंडर वर्षारंभापासून ६० वर्षे असते.

अशा संचांचे अर्थकारण साध्या हिशेबाने कळते. प्रत्येकी ७५ मिनिटांच्या चार सीडींत ३०० मिनिटांचे संगीत मावते. तीन मिनिटांची एक बाजू धरल्यास ते लाखेच्या तबकड्यांच्या १०० बाजूंएवढे, म्हणजे ५० तबकड्यांएवढे होते. त्या पन्नास तबकड्या सुस्थितीत मिळवण्यास कित्येक वर्षे व मोठी रक्कम लागेल.

सर्वच स्वस्त संच सारख्या दर्जाचे नसतात. काही प्रकाशक मूळ तबकड्या मिळवून काळजीपूर्वक ध्वनिशुद्धी करतात. इंग्लंडच्या जेएसपी संस्थेने काढलेला आर्मस्ट्राँग यांच्या हॉट फाइव्ह व हॉट सेव्हनचा संच जॉन आर. टी. डेव्हिस यांच्या ध्वनिशुद्धीमुळे नावाजला गेला. याउलट काही प्रकाशक इतरांच्या सीडीवरूनच नक्कल करतात, किंवा खरखर घालवण्याच्या नादात वाद्यांचा नैसर्गिक नादही पुसून टाकतात. ज्या संचात ध्वनिमुद्रणाची तारीख, स्थळ, वादकांची नावे आणि ध्वनिशुद्धी करणाऱ्याचे नाव दिलेले असते, तो सामान्यतः विश्वासार्ह समजावा. कायद्याने मुक्त झालेल्या ध्वनिमुद्रणांवर वादकांच्या वारसांना मोबदला मिळत नाही, हा नैतिक प्रश्नही शिल्लक राहतो. त्यामुळे काही संग्राहक शक्य तेथे अधिकृत आवृत्तीच पसंत करतात.

मर्यादित खर्चात संग्रह करताना पुढील पद्धती उपयुक्त ठरतात.

संग्रहाची चौकट ठरवणे : एक वादक, एक वाद्य, एक शहर किंवा एक दशक निवडल्यास खरेदी भरकटत नाही व अभ्यासही सखोल होतो.

अधिकृत पुनर्प्रकाशन मालिका : फँटसी कंपनीने प्रेस्टिज व रिव्हरसाइड या संस्थांची ध्वनिमुद्रणे १९८०च्या दशकापासून ‘ओरिजिनल जॅझ क्लासिक्स’ मालिकेत आणली. जपानी पुनर्प्रकाशनेही उत्तम छपाईसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या वेष्टनाभोवती ‘ओबी’ नावाची कागदी पट्टी असते.

वापरलेल्या सीडी : श्रोते ऑनलाइन सेवांकडे वळल्याने जुन्या सीडी व सीडी-संच अनेकदा एलपीपेक्षा स्वस्त मिळतात.

आधी ऐकणे : अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’ व इंटरनेट आर्काइव्ह यांवर जुन्या तबकड्या विनामूल्य ऐकता येतात.

एकूण खर्चाचा विचार : परदेशातून मागवताना टपाल व सीमाशुल्क मिळून किंमत पुष्कळ वाढते. वजनदार पेटीपेक्षा सीडी-संच मागवणे स्वस्त पडते.

वजनाला न भुलणे : नव्या एलपींवर १८० ग्रॅम वजनाची जाहिरात असते, परंतु ध्वनीचा दर्जा मूळ फीत व साचा यांवर अवलंबून असतो, केवळ वजनावर नव्हे.

स्थितीचे श्रेणीकरण

वापरलेल्या तबकडीची किंमत तिच्या स्थितीवर ठरते. आंतरराष्ट्रीय व्यवहारात मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड व पुअर अशा श्रेणी रूढ आहेत. तबकडी व वेष्टन यांना स्वतंत्र श्रेणी दिली जाते. ‘गुड’ या शब्दाने नवख्या ग्राहकाची फसगत होते, कारण या श्रेणीतील तबकडी प्रत्यक्षात बरीच झिजलेली व खरखर करणारी असते. ऐकण्यासाठी घेणाऱ्याने ‘व्हेरी गुड प्लस’ तबकडी व साधारण स्थितीतील वेष्टन अशी जोडी शोधल्यास चांगले संगीत कमी किमतीत मिळते.

जतन

तबकड्या उभ्या ठेवाव्यात; आडव्या रचल्यास खालच्या तबकड्या वाकतात किंवा फुटतात. लाखेच्या तबकड्या मद्यार्कयुक्त द्रावणाने कधीही पुसू नयेत, कारण लाख मद्यार्कात विरघळते. एलपीसाठीची सुई या तबकड्यांना चालत नाही. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या खाचेस सुमारे ७५ मायक्रॉन, तर एलपीस १८ ते २५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. जुन्या सीडी-संचांत घातलेला स्पंजाचा तुकडा कालांतराने चिकट होऊन सीडी खराब करतो. म्हणून तो काढून टाकावा. कोकणपट्टी व मुंबईच्या दमट हवेत वेष्टनांना बुरशी लागते. पावसाळ्यात कपाट भिंतीपासून दूर ठेवणे आणि अधूनमधून वारा देणे हितावह असते.

भारतातील संदर्भ

भारतात १९०८ पासून सियालदह येथे व १९२८ पासून डमडम येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना होता. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांच्या वाद्यवृंदाने १९३५ मध्ये जॅझ वाजवले. पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी १९४०च्या दशकात कोलकाता येथे केलेल्या ध्वनिमुद्रणांना आज संग्राहकांत मागणी आहे. मुंबईतील जॅझचा हा इतिहास नरेश फर्नांडिस यांनी ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या ग्रंथात मांडला आहे. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजेच अँटोनियो झेवियर वाझ, यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्यासमवेत ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटासाठी काम केले. त्यामुळे जॅझचा नाद हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांतही सापडतो. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही १९६८ ची एलपी, तिच्यातील रईस खान यांच्या सतारीमुळे, देशी-विदेशी संग्राहकांना प्रिय आहे.

मुंबईचा चोरबाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे अजूनही जुन्या तबकड्या विकल्या जातात. काळा घोडा परिसरातील ऱ्हिदम हाऊस हे प्रसिद्ध दुकान २०१६ मध्ये बंद झाले. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने प्रामुख्याने भारतीय संगीताच्या तबकड्यांचे संकलन व अभ्यास यांना चालना दिली. तिची सूचीलेखनाची पद्धत जॅझच्या संग्राहकालाही मार्गदर्शक ठरते.

संग्रहाचे महत्त्व

थेलोनियस मंक व जॉन कोल्ट्रेन यांनी १९५७ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये एकत्र केलेल्या वादनाच्या फिती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जवळजवळ अर्धशतक पडून होत्या. २००५ मध्ये त्या सापडल्या व प्रकाशित झाल्या. नोंद नसलेली वस्तू सुरक्षित असूनही हरवलेलीच असते, हे यातून दिसते. म्हणूनच प्रत्येक तबकडीचा क्रमांक, साचाक्रमांक, वादक, ध्वनिमुद्रणाची तारीख व खरेदीची माहिती यांची वही ठेवणे हा संग्रहाचा अविभाज्य भाग मानला जातो. या नोंदीला पैसा लागत नाही, आणि संग्रह लहान असला तरी संग्राहकाच्या पश्चात तो कोणाच्या तरी उपयोगी पडेल की भंगारात जाईल, हे बहुतांशी त्या वहीवरच ठरते.